चारशे बाराची उशी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या ४१२ नंबरच्या खोलीत बाथरूमचं दार आतून लागलं आणि पुन्हा उघडेना. आत एक गृहस्थ होते. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. ते पाहुणे नव्हते. या हॉटेलला तीन तारे पुरेत की चौथा द्यावा, हे ठरवणाऱ्या समितीच्या दोन सदस्यांपैकी ते एक होते.

दार अकरा वाजून चौदा मिनिटांनी उघडलं. मधल्या दहा मिनिटांपैकी आठ मिनिटं मावशी तिथून बावीस पावलांवर होत्या, आणि आत कोण अडकलंय, का अडकलंय, दार कसं उघडतं हे तिन्ही त्यांना ठाऊक होतं.

मावशी म्हणजे हॉटेलच्या हाउसकीपिंग खात्याच्या प्रमुख. एकवीस वर्षं याच इमारतीत, त्यातली तेरा वर्षं प्रमुख. त्यांना मावशी म्हणायला लागून मात्र आठच महिने झाले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन रिसेप्शनला लागली, पहिल्याच दिवशी तिने लॉबीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "मावशी!" अशी हाक मारली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे शेफसुद्धा त्यांना मावशी म्हणू लागले. "सख्खी भाची एक आणि चिकटलेले भाचे एकोणऐंशी," असं त्या म्हणायच्या.

भाची मावशींच्याच घरी राहायची. घराला एक नियम होता: हॉटेल दाराबाहेर ठेवायचं. दिवसभर चौसष्ट खोल्या डोक्यात घेऊन फिरणाऱ्या बाईला घरी पासष्टावी नको होती. त्यामुळे आठ महिने एका छताखाली राहून, एकाच बसने येऊन-जाऊन, मावशी वर काय करतात हे भाचीला फारसं माहीत नव्हतं. रिसेप्शनची माणसं मजल्यांवर जात नाहीत. त्यांना खोल्या दिसतात त्या संगणकाच्या पडद्यावर: हिरवी म्हणजे तयार, लाल म्हणजे भरलेली, करडी म्हणजे बंद.

सोमवारी दुपारी चार वाजता मॅनेजरने सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना बोलावलं. समिती बुधवारी यायची होती, ती मंगळवारी येणार असल्याचा निरोप आला होता. टेबलावर नियमावली उघडी होती. खोलीचं क्षेत्रफळ किती हवं, पलंग किती रुंद, वाचायचा दिवा दोन्ही उशांना वेगळा हवा, लिफ्टमध्ये किती माणसं मावावीत, सगळं आकड्यांत. चौथ्या ताऱ्यासाठी एक जादा अट होती. प्रत्येक खात्याला स्वतंत्र प्रमुख हवा आणि प्रमुखाकडे मान्यताप्राप्त पदविका हवी.

हॉटेलातली काही खाती पाहुण्याच्या समोर उभी असतात: रिसेप्शन, डायनिंग हॉल, दारावरची सिक्युरिटी. काही त्याच्या नजरेआड चालतात: किचन, मेंटेनन्स, अकाउंट्स. हाउसकीपिंग हे असं एकच खातं, जे पाहुण्याच्या अंथरुणापर्यंत पोचतं, पण पाहुणा तिथे नसताना. मॅनेजरने या सातही खात्यांचा तक्ता मोठ्या कागदावर काढून भिंतीला टाचला होता. सहा चौकटींत नेहमीची नावं होती. हाउसकीपिंगच्या चौकटीत भाचीचं नाव होतं.

मावशींनी चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं.

"साहेब, ही तर रिसेप्शनला आहे."

"उद्यापुरती तुमच्याकडे. पदविका आहे ना तिची."

"आणि मी?"

"तुम्ही सहायक. कागदावर हो, मावशी. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"तारा मिळाला तर तोही दोन तासांनी परत करायचा असतो का?"

शेफ खोकल्यासारखं करून हसले. मॅनेजर हसला नाही. "तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणाला.

तारा पाच वर्षांसाठी असतो. ज्या कागदावर तो मिळणार, तो कागदही पाच वर्षं खरा धरावा लागणार होता. मावशींना निवृत्त व्हायला सहा वर्षं होती. हे गणित त्यांनी जिना उतरतानाच मांडलं आणि तिथपासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. पहिल्या मजल्यावर गेल्या, काही कारण नसताना पडद्याच्या कड्या मोजल्या, परत वर आल्या.

भाचीने त्यांना लिनन रूमच्या दारात गाठलं.

"मावशी, मी नाही म्हणत होते गं."

"मग?"

"ते म्हणाले, तू नाही म्हणालीस तर तारा तुझ्या मावशीमुळे गेला असं होईल. सगळे तिच्याकडे बोट दाखवतील."

मावशी चादरींच्या घड्या सारख्या करत राहिल्या.

"मला सांग ना काहीतरी. काय बघायचं, काय बोलायचं. मी आठ महिन्यांत दोनदा वर आलेय."

"पदविकेत सांगितलंय ते बोल. त्यासाठीच तर तुला वर काढलीय." आणि थोड्या वेळाने, "केस वर बांध उद्या. मोकळ्या केसांची प्रमुख कोणी खरी मानणार नाही."

त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं. उशीचं सांगितलं नाही.

उशीचं असं होतं. खोलीत काही बिघडलं की हाउसकीपिंगची बाई चिठ्ठी लिहिते. चिठ्ठीच्या तीन प्रती. एक मावशींकडे, दोन मेंटेनन्सकडे. मेंटेनन्सचे प्रमुख, ज्यांना सगळे पानाकाका म्हणत, ते सही करून तिसरी प्रत रिसेप्शनला पाठवत आणि मग पडद्यावर खोली करडी होई. पण पानाकाका बिघाड स्वतः पाहिल्याशिवाय सही करत नसत आणि पाहायला त्यांना एक दिवस लागे, कधी दोन. तोवर पडद्यावर खोली हिरवीच. रिसेप्शन ती पाहुण्याला देऊन टाकी आणि ओरडा हाउसकीपिंगला बसे.

यावर मावशींनी फार पूर्वी स्वतःपुरता उपाय काढला होता. पलंगावरच्या उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला ठेवायचं, हे कुठल्याही हॉटेलात पहिल्या दिवशी शिकवतात. आत शिरणाऱ्याला अभ्र्याच्या पोटातली शिवण दिसू नये म्हणून. मावशींच्या मजल्यांवर ज्या खोलीत बिघाड असे, तिथे डावी उशी मुद्दाम उलटी ठेवली जाई, तोंड दाराकडे. सामान घेऊन वर येणारे हमाल दार उघडताच ती पाहत, "माफ करा, तुमची खोली ही नाही," म्हणत आणि पाहुण्याला दुसरीकडे नेत. खोलीबद्दल तक्रार आली नव्हती अशी अकरा वर्षं त्या उशीवर निघाली होती. कागदावर तिची नोंद कुठेच नव्हती.

४१२ ची डावी उशी रविवारपासून उलटी होती. रविवारी दुपारी तिथल्या बाथरूममध्ये शिडी अडकली होती. शिडी म्हणजे मावशींच्या हाताखालची सर्वांत उंच बाई, स्टूल न घेता पडदे काढणारी. कडीतला एक तुकडा झिजून खाली बसला होता आणि आतून कडी लावली की दार चौकटीत आवळून बसे. मावशींनी गुडघ्याने दार खालून उचललं, बाहेरची मूठ वर ढकलून फिरवली आणि शिडीला बाहेर काढलं. चिठ्ठी लिहिली. पानाकाका लिफ्टच्या कामात होते. "बुधवारच्या आत बघतो," म्हणाले. समिती तर बुधवारीच येणार होती.

मंगळवारी साडेनऊला मावशींच्या बिल्ल्यावर नवी पट्टी लागली: सहायक. मॅनेजरने त्यांना चौथ्या मजल्यावरच्या लिनन रूममध्ये थांबायला सांगितलं. "कोणी काही विचारलं तर प्रमुखांना विचारा म्हणायचं." चौथा मजला यासाठी, की ४१८ ही खोली तिथे होती आणि ती दोन दिवस खपून सजवलेली होती. समितीला तिथेच न्यायचं ठरलं होतं.

लिनन रूममध्ये बसायला जागा नाही. असती तरी त्या बसल्या नसत्या. त्यांनी टॉवेलांची एक थप्पी मोजली, चोवीस भरले. पुन्हा मोजली तर तेवीस. दार बोटभर उघडं ठेवून त्या कानोसा घेत राहिल्या.

दहा अठ्ठावन्नला लिफ्टचं दार वाजलं. पुढे भाची, काळा कोट, केस वर बांधलेले. तिच्यामागे समितीच्या बाई, हातात फाइल, आणि मोजपट्टीवाले. सर्वांत मागे मॅनेजर. तो तळहात पुसत होता. ४१८ कडे हात करून तो म्हणाला, "या, इकडून."

"नको," समितीच्या बाई म्हणाल्या. "तयार खोल्यांची यादी बघू." भाचीने कागद दिला. बाईंनी वरून खाली नजर फिरवली आणि डोळे मिटल्यासारखं करून बोट ठेवलं. "चारशे बारा."

 मावशींनी स्वतःला समजावलं, की दार उघडताच उशी दिसेल. मग लक्षात आलं की दिसेल, पण कळणार नाही.

भाचीने नियमाप्रमाणे तीनदा टकटक केलं, थांबली, "हाउसकीपिंग" म्हणाली, थांबली आणि दार उघडलं. मॅनेजरचा खिशातला फोन वाजला म्हणून तो खाली गेला. दार उघडंच होतं. मावशींना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अरे," भाची म्हणाली. "ही उशी उलटी राहिलीय. उशीचं तोंड दाराकडे असता कामा नये, मॅडम. आत येणाऱ्याला शिवण दिसते."

उशी थोपटल्याचा आवाज आला.

"शाब्बास," समितीच्या बाई म्हणाल्या. "हे आजकाल प्रमुखांनाही ठाऊक नसतं." फाइलमध्ये काहीतरी लिहिलं गेलं.

मावशींनी त्या घटकेला हाक मारली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण हाक मारायची म्हणजे सहायकाने प्रमुखाला चुकीचं ठरवायचं, समितीसमोर. शिवाय आत आलेला माणूस बाथरूमची कडी लावून बघेलच असं कुठे होतं? त्या गप्प राहिल्या. मोजपट्टीवाल्यांनी पलंग मोजला, दिवे लावून पाहिले, मग "बाथरूमची कडी बघतो" म्हणून आत गेले.

अकरा चारला कडी लागली. अकरा पाचला मूठ दोन-तीनदा खडखडली. अकरा सहाला पहिली थाप पडली. भिंतीवरचं घड्याळ मावशींच्या समोरच होतं.

त्यांनी टॉवेल मोजायला घेतले.

आतून मोजपट्टीवाल्यांचा आवाज येत होता, आधी सभ्य, मग थोडा चढा. भाचीने खोलीतल्या फोनवरून मेंटेनन्सला लावलं. पानाकाका लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होते, तिथे फोन लागत नाही. तिने मूठ ओढली, दाराला खांदा दिला. तो दरवाजा खांद्याने आणखी आवळतो. मावशींना प्रत्येक आवाज ओळखू येत होता: आता ती ओढतेय, आता ढकलतेय, आता कानातलं दाराला लागलं. बावीस पावलं आणि एक गुडघा. चौदा, पंधरा, सोळा टॉवेल. आज तारा गेला तर तो तक्ता उद्या भिंतीवरून उतरणार होता. सतरा. कुणी विचारलं तर? ऐकू आलं नाही. अठरा. शिडी ट्रॉली घेऊन जिन्याच्या बाजूने येत होती, तिला त्यांनी हातानेच परत फिरवलं. कशासाठी फिरवलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

अकरा चौदाला भाचीचा आवाज आला. ती दाराला तोंड लावून बोलत होती.

"सर, माफ करा. चूक माझी आहे. मी आधी बघायला हवं होतं. बाकी कुणाची नाही सर, माझीच आहे."

मावशी गेल्या. भाचीला बाजूला केलं, गुडघ्याने दार खालून उचललं, मूठ वर ढकलून फिरवली. दार उघडलं. मोजपट्टीवाले घामाने ओले, कॉलर मोकळी, पट्टी हातातच.

समितीच्या बाईंनी मावशींच्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे.

"तुम्हाला ही युक्ती माहीत होती?"

"हो."

"म्हणजे दार बिघडलेलं आहे हेही माहीत होतं."

"रविवारपासून."

"मग खोली बंद का ठेवली नाही?"

"बंदच होती, मॅडम. उशी उलटी होती."

"उशी?"

मावशींनी उशीचं सांगितलं. तीन वाक्यांत. तिसरं वाक्य संपायच्या आत भाचीचा हात तोंडावर गेला. ती पलंगाकडे पाहत होती, जिथे दोन उशा नियमाप्रमाणे, तोंडं दाराच्या विरुद्ध बाजूला करून, शेजारी शेजारी होत्या.

"ही खूण कुठल्या नियमावलीत आहे?"

"कुठल्याच नाही. माझी आहे."

"तुमची म्हणजे? तुम्ही तर सहायक ना?"

मॅनेजर धापा टाकत वर आला होता. "मॅडम, मी सांगतो..."

"तुम्हाला नाही विचारलं. या खात्याच्या प्रमुख कोण?"

"ही," मावशी म्हणाल्या.

"मावशी," भाची त्याच वेळी म्हणाली.

समितीच्या बाईंनी चष्मा काढला. "मावशी हे पद आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या. मोजपट्टीवाल्यांना हसू आलं, पण त्यांनी ते रुमालात घेतलं.

खाली जाऊन समितीच्या बाईंनी मावशी आणि भाची दोघींसाठी एकेक कागद ठेवला. चार रकाने. पद कोणतं. किती वर्षं. घटनेच्या वेळी कुठे होता. घटना किती वाजता कळली. शुक्रवारी पाचपर्यंत समितीच्या कार्यालयात, प्रत्येकीच्या सहीने.

मॅनेजरने बुधवारी मावशींना एकटीला बोलावलं. आज त्याने खुर्ची पुढे केली.

"हे बघा, दोघींचं लिहिणं जुळलं पाहिजे. ती प्रमुख, तुम्ही सहायक. कळलं किती वाजता, तर अकरा चौदा, लगेच धावलात. तारा अजून हातातून गेलेला नाही. आला तर तुमच्यासाठी सल्लागार असं पद करू."

"सल्लागाराला काय काम?"

"काही नाही. बसायचं, विचारलं तर सांगायचं."

"ते मला जमायचं नाही. बसायची सवय नाही साहेब." आणि त्या खरंच उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी हॉटेल पहिल्यांदा घरात आलं. भाची भाजी चिरत होती. मावशी ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत.

"बस ना गं जरा. डोकं फिरतं तुझ्याकडे बघून."

"बघू नकोस."

"मला उशीचं का नाही सांगितलंस?"

"घरी हॉटेल आणायचं नाही म्हणून."

"सोमवारी आपण हॉटेलातच होतो, मावशी."

मावशींनी नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. हात स्वच्छच होते.

"आणि तू लिनन रूममध्येच होतीस ना? एवढं दार बडवलं मी. ऐकू नाही आलं?"

"मशीन चालू होतं."

भाचीने मान हलवली आणि चिरायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "आईचा फोन आला होता. म्हणाली, मावशीला सांभाळून घे, तिला असलं लागतं. मी म्हटलं, तिलाच सांग."  जेवताना दोघी मीठ पुढे कर, पाणी दे, एवढंच बोलल्या.

गुरुवारी दुपारी शिडी पाचव्या मजल्यावर मावशींना शोधत आली.

"मावशी, तुमची भाची वर आली होती. चौथ्यावर."

"कशाला?"

"काय माहीत. मला म्हणाली, लिनन रूम दाखव. दाखवली. आत जाऊन उभी राहिली. मग विचारलं, इथे मशीन कुठलं असतं? मी म्हटलं, इथे कसलं मशीन, मशीनं सगळी तळघरात. फडताळं तेवढी इथे. 'बरं' म्हणाली आणि जिन्याने उतरून गेली. लिफ्ट असून." शिडीने मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही. खरं तेच बोललीस."

"मग तुम्ही अशा काय बघताय?"

"पडद्याची कडी निघालीय बघ तिकडे. लाव जा."

कडी निघालेली नव्हती. शिडी तरी गेली.

त्या दिवशी भाची एक बस आधी निघाली. घरी काही बोलली नाही. रागही दाखवला नाही, आणि तेच मावशींना सोसवेना. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. सवयीने हात तीनदा टकटक करायला उठला आणि दोन्ही वेळा तसाच खाली आला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मावशींनी कागद भरला. पद: हाउसकीपिंग प्रमुख. मॅनेजरने सांगितलेलं नाही, जे होतं ते. वर्षं: तेरा. कुठे होता: लिनन रूम, चौथा मजला. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. अकरा चौदा लिहिलं तर कोणी खोटं पाडणार नव्हतं. घड्याळ त्यांनी एकटीने पाहिलं होतं. खोटं पाडू शकेल अशी एक भाचीच होती आणि ती बोलणारी नव्हती. पावणेचारला समितीच्या कार्यालयाकडे हॉटेलची गाडी निघायची होती. मावशींनी रकाना मोकळा ठेवून सही केली, पाकीट चिकटवलं आणि स्वतः खाली नेऊन दिलं. भाचीने काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. तिच्या पाकिटावरचं अक्षर नेहमीसारखं, गोल आणि सरळ होतं.

शनिवारी सकाळी अकरा चाळीसला चौथ्या मजल्यावरच्या लिनन रूममधला फोन वाजला. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी रिसेप्शनला येतो आणि तिथून जोडला जातो.

"चौथा मजला? समितीच्या कार्यालयातून आहे," भाचीचा आवाज, कामाचा. "जोडते."

समितीच्या बाई होत्या.

"तुमचा कागद आलाय. एक जागा मोकळी आहे."

"हो."

"तुमच्या मॅनेजरने नियम स्वल्पविरामापर्यंतच वाचलेला दिसतो. पदविका हवी, स्वल्पविराम, किंवा दहा वर्षांचा अनुभव आणि समितीचं समाधान. तेरा वर्षं तुमच्याकडे आहेत. ती उशीची गोष्ट मी बैठकीत सांगणार आहे. अशी व्यवस्था बसवायला डोकं लागतं. समाधानाचा प्रश्न उरतो तो या मोकळ्या जागेचा. फोनवर सांगा, मी लिहून घेते. तुमच्या देखतच लिहिलं असं म्हणेन. घटना तुम्हाला किती वाजता कळली?"

 मावशी ओळीवरचा आवाज ऐकत होत्या. रिसेप्शनवरून फोन जोडला की जोडणारी रिसीव्हर ठेवते आणि ओळीवर टक् असा आवाज होतो. एकवीस वर्षांत तो त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. आज तो झाला नव्हता. ओळीवर तिसरं कुणीतरी श्वास घेत होतं.

"ऐकताय ना?" समितीच्या बाई म्हणाल्या. "दार तुम्ही उघडलंत अकरा चौदाला. ते आमच्याकडे आहेच. त्याच्या आसपासची वेळ असेल तर काही अडचण नाही."

मावशींच्या हातात फोनची वायर होती. तिला त्यांनी इतके पीळ दिले होते की बोट पांढरं पडलं होतं.

"अकरा सहा," त्या म्हणाल्या.

"सहा?"

"सहा. पहिली थाप पडली तेव्हा. मी इथेच होते. मशीन वगैरे काही नाही इथे."

 "मशीनचं मी विचारलं नव्हतं," समितीच्या बाई म्हणाल्या. "आठ मिनिटं. का, तेही लिहू?"

"रकाना नाही ना तसा."

"नाही."

"मग नका लिहू."

कागदावर पेन चालल्याचं ऐकू आलं. बाईंनी वेळ पुन्हा वाचून दाखवली, मावशींनी हो म्हटलं, आणि बाईंनी त्यांच्या बाजूने फोन ठेवला. मावशींनी ठेवला नाही. ओळ अजून जिवंत होती.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

 मग टक् असा आवाज झाला.

समितीची बैठक सोमवारी सकाळी दहा वाजता आहे. भाचीच्या कागदावर काय आहे ते मावशींना अजून माहीत नाही. दोघींची जेवणाची सुट्टी साडेबाराची असते. शनिवारी दुपारी दोन वाजेपर्यंत भाची जेवायला आली नव्हती. ती रिसेप्शनवरच आहे, पाहुण्यांना चाव्या देतेय, एवढं शिडीने खाली जाऊन पाहिलं आणि वर येऊन सांगितलं.